काळ्या वाळूचं विरजण

६ जानेवारी २०२५, सोमवार

विहीणबाईंनी चहा परसात ओतला!

माझ्यासमोर. कपबशी घेऊन सरळ मागच्या दारी गेल्या, अळूच्या वाफ्यात ओतला, बशी पालथी घातली आणि परत येऊन खुर्चीवर बसल्या. इतक्या शांतपणे, की क्षणभर वाटलं, त्यांच्याकडे हा एखादा कुळाचार असावा.

दोष चहाचा नव्हता. साखर बरोबर, आलं बरोबर, पावडर नेहमीचीच. रंग तेवढा दौतीतल्या शाईचा. दूध घातल्यावर त्याची जांभळट राख झाली होती. गावात रीत अशी की पाहुण्यांचा चहा विकतच्या कॅनच्या पाण्याचा आणि घरच्यांचा नळाचा. बायको, उज्वला, म्हणाली, कॅन संपला होता. आता कॅन नेमका आजच संपावा!

गेल्या वर्षी विहीर आटली म्हणून पंचायतीनं खोल बोअर मारला, तेव्हापासून हे असं. तोटीतून पाणी काचेसारखं येतं. दुपारपर्यंत बादलीत ठेवा — तांबूस. तळाशी काळी पूड. पांढरं धोतर दोन धुण्यांत संन्याशाचं होतं. मी एकदा बातमी दिली होती, 'ग्रामस्थांना अनायासे वैराग्य'. संपादकांनी छापली नाही.

विहीणबाई सुलोचनाबाई वर्ध्याच्या. आमची नंदिनी त्यांची सून. तिला दिवस गेलेत, एप्रिलच्या अखेरीस बाळंत होईल. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्ही आणि त्यांनीही गृहीतच धरलेलं. मी आतली खोली दिवाळीतच चुन्यानं रंगवून घेतली. आणि आज त्या व्याह्यांना, म्हणजे मला, म्हणतात, "ईवाई, राग मानू नका. पण हे पाणी अन् बाळंतीण... माह्यानं होणार नाई. वर्ध्यालेच होऊ द्या."

मी म्हटलं, "पाण्याचं होईल काही तरी."

"होऊ द्या ना," म्हणाल्या. "झालं की सांगजो. मंग पाहू."

म्हणजे दार लोटलंय, कडी लावलेली नाही. मार्चअखेरपर्यंत पाणी स्वच्छ झालं तर पोरगी घरी येईल. नाही तर नाही.

७ जानेवारी

उज्वलेला विचारलं, तुला काय वाटतं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "मले काय वाटायचं? पाण्याचं तुम्ही पाहा. बाकी मी पाहतो."

बायकोचा धीर हा संसाराचा मोठा आधार आहे.

९ जानेवारी

सरपंच मंदाबाईंकडे गेलो. मंदाबाई ओसरीवर कापूस निवडत होत्या. प्रश्न त्यांना विचारला, उत्तर आतून त्यांचे यजमान चंद्रभान यांनी दिलं. आमच्याकडे लोकशाहीत अशी संधी होते — दोन पदं मिळून एक आदेश.

"शास्त्रीजी," चंद्रभान बाहेर येत म्हणाला, (मी नागपूरच्या पाठशाळेत सहा वर्षं घालवली, त्याची गाव अशी परतफेड करतं) "पाण्यात लोह आहे म्हणता न तुम्ही? मंग चांगलंच आहे न! डॉक्टर पोटुशीले काय देते? लोहाच्या गोळ्या! तुमच्या नंदिनीले इथं नळातूनच भेटते. फुकट!"

"अन् ते काळं?"

"ते बी काई तरी ताकदीचंच असन."

मंदाबाई कापसातून मान वर न करता म्हणाल्या, "फिल्टर बांधून पडला आहे दिवाळीपासून, ते सांगा न त्याईले."

तर बातमी ही! पाण्याच्या टाकीमागे जो निळा डोलारा उभा आहे, ज्याला मी इतके दिवस मोबाईलचा टॉवर समजत होतो, तो लोह आणि मँगनीज काढायचा फिल्टर आहे. तयार आहे. पाहुणा तयार नाही. उद्घाटनाला मोठा माणूस हवा आणि मोठ्या माणसाला तारीख नाही. तोवर गाव काळं पाणी पितं आणि फिल्टर कोरडा उभा.

निघताना चंद्रभाननं कागदात गुंडाळून दोन चुंबकं दिली. जुन्या लाउडस्पीकरातली. "नळाले बांधा. लोह आहे, जाईन कुठं?"

११ जानेवारी

बांधली. लोह कुठंही गेलं नाही. उज्वलेची सुई मात्र नळाला जाऊन चिकटली. शेजारची शकुबाई पाहून म्हणाली, "काऊन हो शास्त्रीजी, नळाले बी साडेसाती लागली का?"

१५ जानेवारी

लेखणीत अजून थोडा दम आहे! परवा चार ओळी दिल्या: 'फिल्टर उद्घाटनाच्या प्रतीक्षेत, ग्रामस्थ काळ्या चहाच्या'. छापून आल्या. आज पाणीपुरवठ्याची इंजिनियर पोरगी स्कूटीवरून हजर. नाव सुरभी. नंदिनीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. उद्घाटन होईल तेव्हा होईल, म्हणाली, चाचणी म्हणून पाणी आजपासून सोडते. चाचणीला फीत लागत नाही. हुशार आहे!

मी मागे मागे फिरलो. तिनं समजावलं ते माझ्या शब्दांत:

खोल जमिनीत वारा नाही. म्हणून लोह पाण्यात विरघळून बसतं, दिसत नाही. वर आलं, हवा लागली, की त्याचा गंज होतो. तोच आपला तांबूस गाळ. मग घरी बादलीत होतं तेच आधी मुद्दाम करायचं — पाणी उंचावरून एकाखाली एक जाळ्यांवर पाडायचं, भरपूर वारा खाऊ द्यायचा. लोह गंजून बाहेर पडलं, की खाली वाळूत अडकतं. उकळून जात नाही, तुरटीनं जात नाही. ब्लिचिंग टाकलं तर उलट जास्तच लाल दिसतं, म्हणून लोक ब्लिचिंगला शिव्या देतात.

"मग काळं?"

"ते मँगनीज, काका. ते हट्टी असतं. नुसत्या वाऱ्याला बधत नाही. त्याला वेळ लागतो."

घरी येताना अर्धा श्लोक झाला: लोहं गच्छति वायुना, मङ्गनं तु न गच्छति. पहिल्या चरणात सातवं अक्षर लघु पडलं. गुरुजींनी कान उपटला असता. पण गुरुजी आमच्या बोअरचं पाणी प्यायलेले नाहीत.

२६ जानेवारी

उद्घाटन झालं. जे पाणी गाव अकरा दिवसांपासून वापरतंय ते आज सुरू झालं, असं जाहीर करण्यात आलं. पाहुण्यांनी चाक फिरवलं. ते चाक उलटं फिरवून त्यांनी पाणी बंद केलं, आणि टाळ्या पडल्या. कैलास, म्हणजे आमचा पाणी सोडणारा, मागून जाऊन हळूच सुरू करून आला.

पाहुणे पाण्यावर बोलले. मग पाण्याच्या निमित्तानं रस्त्यावर, रस्त्याच्या निमित्तानं स्वतःवर. चंद्रभान बोलला. मंदाबाईंनी आभार मानले, एका वाक्यात. सुरभीला सगळ्यात शेवटी माईक दिला, आणि त्याच क्षणी शाळेच्या व्हरांड्यात बुंदीची परात उघडली. पोरगी जिवाच्या आकांतानं सांगत होती. वाळू... काळी... असं काही तरी ऐकू आलं. पण मी बुंदीच्या रांगेत होतो आणि माझ्यापुढे सगळी शाळा होती.

बुंदी चांगली होती. केशरी. पाक फिल्टरच्या पाण्याचा असावा.

३ फेब्रुवारी

तांबूसपणा गेला! बादली संध्याकाळपर्यंत ठेवली, रंग बदलला नाही. तळाशी मात्र अजून काळी पूड. म्हणजे लोह गेलं, मँगनीज बसलंय.

नंदिनीला फोन केला. "अर्धं झालं!"

"अर्धं काय, बाबा?"

"पाणी!"

ती हसली. मग म्हणाली, बाळ फार लाथा मारतंय. मी फोन कानाला जरा जास्तच दाबून धरला. काही ऐकू येत नसतं, कळतं मला. तरी.

१२ फेब्रुवारी

काळी पूड नाही!! शकुबाईला बोलावून बादली दाखवली. तिनं बोट बुडवून पाहिलं. "खरंच नाई वं बाई." नळाच्या पाण्याचा चहा केला — चहाच्या रंगाचा. उज्वलेनं घोट घेतला, म्हणाली, "झाला वाटते." माझा आनंद पाहून ती थोडी गप्पच होती. थकली असेल. हरभरा काढायला आलाय.

सुलोचनाबाईंना फोन केला. "हो का! बरं झालं बाप्पा," म्हणाल्या. "टिकते का पाहा थोडे दिवस." शहाणी बाई आहे. टिकतं का पाहा!

बाजारातून मच्छरदाणी आणली. लहान. पाळण्याची.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज गावात श्रमदान झालं. मीही होतो.

गुरुवारी ग्रामस्वच्छतेची तपासणी. समिती फिल्टरसुद्धा पाहणार म्हणून चंद्रभाननं काल झाकण काढून आत डोकावलं — आणि हबकला. सगळी वाळू काळीकुट्ट! टाकताना पिवळीधमक होती, नदीची. "एवढी घाण! समितीनं पाह्यलं तर नाक कापलं जाईन गावाचं!"

आता आपला जिल्हा कोणता? श्रमदानाचा. इथल्या माणसाला झोपेत झाडू दिला तरी तो अंगण झाडून मग उठतो. दवंडी द्यायची गरजसुद्धा पडली नाही. सकाळी सगळ्या आळ्यांतल्या बाया घमेली घेऊन हजर. वाळू घमेल्यांनी बाहेर काढली, ताडपत्रीवर पसरली. चिंच भिजवून आणली होती, लिंबं होती, राख होती. पाण्याचे पितळी गुंड घासतात तशी मूठ मूठ वाळू घासली. दोन तळव्यांत! मंदाबाई सर्वांत पुढे, पदर खोचून. त्यांना मी आज प्रथमच मोठ्यानं बोलताना ऐकलं. "ए शकु, तुया हातातली अजून काळीच आहे, घास न नीट! सासूचं भांडं समजून घास!"

"सासूचं भांडं म्हटलं त मी घासतच नाई," शकुबाई म्हणाली, आणि ताडपत्रीवर असा काही हशा पिकला!

तरी काळेपणा चिवट. मग चंद्रभाननं संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटल्या आणल्या. ओतलं मात्र — उग्र वास, सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. पण वाळू निघाली! पिवळी, लख्ख, पुष्कराजाचे खडे जसे. जी निघाली नाही ती फेकली, नवी नदीची टाकली. शेवटी पाण्यानं खळखळून धुतली, परत भरली.

काय दृश्य होतं! मी दोन घमेली उचलली आणि फोटो काढले. घरी येऊन एका बैठकीत बातमी लिहिली: 'नारीशक्तीने घासली वाळू, फिल्टर झाला लख्ख'. फोटो पहिल्या पानाच्या लायकीचा आहे.

उज्वलेच्या तळव्यांची कातडी गेली ॲसिडनं. खोबरेल लावून दिलं.

१८ फेब्रुवारी

छापून आली! पान पाचवर, पण फोटोसकट. चंद्रभाननं दहा अंक विकत घेतले.

१९ फेब्रुवारी

सकाळी सुरभीचा फोन. आवाज फार शांत. सुलोचनाबाईंनी चहा ओतला तेव्हा होता तसा शांत.

"काका, बातमी वाचली. वाळू कुणी घासली?"

"सगळ्यांनी," मी अभिमानानं म्हटलं.

मग म्हणाली, "येते."

आली. झाकण काढून पाहिलं, आणि कठड्यावरच बसली. आम्ही सगळे भोवती — चंद्रभान, मंदाबाई, मी. तिनं सांगितलं ते असं: वाळू मळली नव्हती. पिकली होती. मँगनीज हळूहळू वाळूच्या कणाकणावर चढतं, काळा लेप बसतो, आणि मग तो लेपच पाण्यातलं पुढचं मँगनीज ओढून घेतो. नव्या पिवळ्या वाळूला ते येत नाही. कैलास दर आठवड्याला खालून पाणी सोडून गाळ तेवढा काढायचा, लेप राहू द्यायचा, असं चाललं होतं. महिनाभर लागला तो लेप चढायला. आणि गावानं एका रविवारी चिंच लावून काढला.

"मी सांगितलं होतं, सव्वीस जानेवारीला," ती म्हणाली. "वाळू काळी पडेल, पडू द्या, तीच तुमचा फिल्टर आहे."

त्या वेळी प्रत्येकाच्या हातात द्रोण होता.

चंद्रभान हळूच म्हणाला, "म्हंजे ॲसिड... नव्हतं पाह्यजे?"

संध्याकाळी बादलीच्या तळाशी काळी पूड. परत!

नंदिनीला फोन केला नाही.

२० फेब्रुवारी

समिती आली. फिल्टरचं झाकण उघडून वाळू पाहिली. इतकी स्वच्छ वाळू तालुक्यात कुठंही पाहिली नाही, असा शेरा दिला. गावाला प्रशस्तिपत्र! पाणी कुणी प्यायलं नाही. समितीच्या हातात बाटल्या होत्या, सीलबंद.

बातमी मलाच द्यायची होती. एक परिच्छेद लिहिला, फाडला. दुसरा पाठवला. हा वार्ताहराचा धर्म आहे की अधर्म, याचा निर्णय गुरुजी असते तर विचारला असता.

२४ फेब्रुवारी

सुरभी जिद्दी आहे. परत वाट पाहायची म्हटलं तर एप्रिल उजाडेल, म्हणाली, त्यात या वेळी ॲसिडनं पाणी आंबट झालं असेल तर आणखी वेळ. म्हणून आज टेंपोतून दोन पोती घेऊन आली. रोहण्याच्या बाजूला एका जुन्या फिल्टरातून मागून आणलेली वाळू. पोतं सोडलं — कोळशासारखी काळी, ओली, चमकदार.

बाया जमल्या होत्या. शकुबाई मागे सरकली. "हे पुन्हा घासायचं का?"

"नाही, मावशी," सुरभी घाईघाईनं म्हणाली. "हे विरजण आहे."

बस्स! माझ्या सगळ्या श्लोकांनी, तिच्या सगळ्या माईकांनी जे झालं नव्हतं ते या एका शब्दानं झालं. सगळ्या माना एकदम हलल्या. मंदाबाई पुढे आल्या, ओंजळभर काळी वाळू घेतली, निरखली. "म्हंजे थोडं घालाचं, मिसळाचं, अन् हलवाचं नाई."

"अगदी तसंच!"

"मंग आधी काऊन नाई सांगितलं, पोरी? आम्ही कोणी विरजण घासून ठेवतो का?"

वरच्या थरात काळी वाळू कालवली. शिवाय विहिरीत टाकतात ते लाल औषध सुरभी स्वतः मोजून टाकणार आहे, लेप लवकर चढावा म्हणून. त्यानं पाणी थोडे दिवस गुलाबी येईल, प्यायचं नाही. चंद्रभान म्हणाला, होळी तशीही जवळच आहे.

झाकणाला कुलूप लावलं. किल्ली मंदाबाईंच्या कमरेला. चंद्रभाननं हात पुढे केला होता. त्यांनी पाहिला नाही.

२ मार्च

गुलाबी.

५ मार्च

फिक्कट गुलाबी. समोरच्या रक्षाची पोरं नळाखाली आरडाओरडा करत नाचली. तिनं दोघांना धपाटे घालून घरात नेलं, मग स्वतः येऊन हात भिजवून पाहिले.

९ मार्च

आज नंदिनीशी बोललो. तिला सगळी हकिकत सांगितली, वाळू घासल्याची, विरजणाची. ती इतकी हसली की मागून सुलोचनाबाईंचा आवाज आला, "अवं हळू, पोटात लेकरू आहे!" मी विचारलं, "येशील ना? पाणी झालं की?" म्हणाली, "बाबा, तुम्ही किती करता हो." त्याला उत्तर समजावं की नाही, कळलं नाही.

मी काय करतो? बादलीत पाहतो. या घरात नंदिनी लग्न होऊन गेल्यापासून मोठ्यानं बोलायचं कारण उरलं नाही. मी लिहितो, उज्वला राबते, आणि दोघंही आपापलं काम नीट करतो. घरात एक रडणारं माणूस पाहिजे. म्हणजे मग सगळे उठतात, बोलतात, कोण कुणावर ओरडतं. हे कुणाला सांगायचं नाही. पानाला सांगायला हरकत नाही.

१५ मार्च

बादली: काही नाही. रंग नाही, पूड नाही. सकाळी पाहिली, दुपारी पाहिली. शकुबाईनं तिच्या घरून तिची बादली आणून दाखवली. काही नाही! आमच्या गावात सध्या माणसं एकमेकांना रिकामं पाणी दाखवत फिरतात.

झाकण कुणी उघडायचं नाही, अशी मंदाबाईंची सक्त ताकीद. चंद्रभान म्हणाला, "एकदा पाहून तर घेऊ." त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "दही लागलं का पाह्यले घडीघडी झाकण काढता का तुम्ही?" मी प्रथमच पाहिलं, त्या दोन पदांमधलं सरपंचपद कोणतं ते.

२१ मार्च

तपासणीचा अहवाल आला. लोह मर्यादेत, मँगनीज मर्यादेत. सुरभीनं फोनवर वाचून दाखवला, मग म्हणाली, "काका, आता याची बातमी द्या. पण फोटोत कुणी घासताना नको."

उज्वलेला सांगितलं. "झालं तर मंग," म्हणाली, आणि आत गेली. किती वेळ आत होती.

मी पाळण्याच्या दोऱ्या तपासल्या. एक जुनी झालीय, बदलायला हवी.

२८ मार्च, शुक्रवार

वर्ध्याला गेलो. एसटीत खिडकीशी बसलो, मांडीवर दोन बाटल्या — आमच्या नळाच्या! शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, गंगाजल का जी? मी हो म्हटलं. इतकं खोटं आयुष्यात आनंदानं बोललो नव्हतो.

सुलोचनाबाईंच्या हातात बाटल्या दिल्या. "करा चहा!"

त्यांनी केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. उकळला, गाळला, दूध घातलं. बदामी! कपात ओतला, उजेडाकडे धरून पाहिला, घोट घेतला. "पाणी चांगलं झालं बाप्पा," म्हणाल्या. आणि मग: "पण ईवाई, एवढी धावपळ कायले केली तुम्ही? खोली त आम्ही कवाचीच लावून ठेवली."

मी खोली पाहिली. पलंग दोन. एकावर नंदिनीची उशी. दुसऱ्यावर नवी चादर, घडी न मोडलेली.

नंदिनी भिंतीला टेकून उभी होती, हात पोटावर. चेहरा गोलसर झालाय, आईसारखा. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा... आईनं तुम्हाला सांगितलं नाही का अजून?"

"काय?"

"तीच येते आहे इकडे. डिसेंबरातच ठरलं होतं तिचं. पाण्याचं कारण तर नंतर आपोआप मिळालं."

चहा गार झाला. मी प्यायलो. चांगला होता.

२९ मार्च

उज्वला सकाळच्या एसटीनं गेली. कधी येशील विचारलं. "पाहू," म्हणाली.

थांब्यावर उभ्या उभ्या सांगितलं, रोजची गोष्ट सांगावी तसं: "नंदिनी माहेरी येईन त तिचं माहेरपण, अन् माही ड्यूटी. माही माय गेली तवापासून मले कुठं जायले जागा नाई. आता लेकीचं घर आहे. तिथं मी पाहुणी राह्यतो थोडे दिवस."

मी म्हटलं, "पण पाणी तर स्वच्छ झालं!"

"हो न," ती पायरीवर चढत म्हणाली. "आता तुमाले एकट्याले प्यायले काई हरकत नाई."